आम्ही दोघी जावा आणि मूल्यमापन

धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा हे आमच्या अख्ख्या वाडीला ठाऊक होतं, तेव्हा आता ते झाकण्यात अर्थ नाही. ती माझ्यापेक्षा देखणी नव्हती, कामाला माझ्यापेक्षा उजवी तर मुळीच नव्हती. मासे कापायला बसली की मासळीबरोबर बोटही कापून घ्यायची. पण तिने तोंड उघडलं की माणसं ऐकत राहायची. तिच्या वडिलांचं फोंडाघाटच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान होतं. कोल्हापूरकडचं गिऱ्हाईक घाट उतरून यायचं, त्यांच्याशी बोलून बोलून तिची भाषा अशी घोटीव झाली होती की तालुक्याच्या कचेरीतले साहेब तिला बसायला खुर्ची द्यायचे. मला त्याच कचेरीत ‘मावशी, जरा बाजूला उभ्या राहा’ म्हणायचे.

पूर्वेकडच्या किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेली, त्यानंतर वर्षभराने एक संस्था आमच्या वाडीत आली. वादळ आलं, समुद्र चढला तर काय करायचं ते लोकांना शिकवायचं आणि जोडीला बायकांच्या हाताला काही काम द्यायचं, असा तो कार्यक्रम होता. मासळी वाळूत पसरू नका, बांबूचे माच बांधून त्यावर सुकवा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सगळी वाडी हसली. सासू म्हणाली, “आता बांगड्यांक खाटल्यार निजयतलंस काय गो?” मी ऐकलं नाही. माझ्या हाताने माच बांधला, कावळे बसू नयेत म्हणून वर फाटकं जाळं टाकलं आणि तसे सुकवलेले बांगडे मालवणच्या बाजारात नेले. ते हातोहात गेल्यावर हसणाऱ्या बायकाच माझ्याकडे आल्या, आणि त्यांचेही माच मीच बांधून दिले. धाकटी तेव्हा तान्ह्या मुलीला घेऊन आत बसलेली असायची. सगळं मार्गी लागल्यावर ती गटात आली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

तीनेक वर्षांनी मूल्यमापन करायला पुण्याहून एक बाई आल्या. कार्यक्रमाचा लोकांना खरोखर काय उपयोग झाला ते त्या बघणार होत्या. शिवाय जाताना आमच्यातली एक बाई निवडणार होत्या. तिने देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत वाड्यावाड्यांतून फिरून तिथल्या बायकांना शिकवायचं.

मला ते काम हवं होतं. लग्न झाल्यापासून माझं जग म्हणजे घर ते मालवणचा मासळीबाजार, आणि तेही डोक्यावर पाटी घेऊन. एकदा तरी पाटीशिवाय एस.टी.त बसावं, परक्या गावात कुणी खुर्ची पुढे करावी आणि चार बायकांनी माझं ऐकावं, एवढीच माझी हाव होती. तीत मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

बाई पहिल्याच दिवशी माझ्या माचापाशी आल्या. मी भरभरून सांगायला लागले. बाई मान डोलावत होत्या, पण दर दोन वाक्यांनी त्यांची नजर धाकटीकडे जायची. मग धाकटी माझंच सांगणं शुद्ध मराठीत सांगायची आणि बाईंचं पेन चालायला लागायचं. दुपारपर्यंत त्यांनी मधला टप्पाच गाळला. प्रश्नही तिलाच विचारू लागल्या. मी माझ्याच माचाजवळ पाहुण्यासारखी उभी.

जेवायला त्या आमच्याकडे होत्या. सोलकढी मी केली, नारळ मी खवला, वाटी तेवढी धाकटीने पुढे केली. “काय सुंदर झालीय हो!” बाई तिला म्हणाल्या. “वहिनींनी केलीय,” ती म्हणाली. त्यावर बाई म्हणतात कशा, “किती नम्र आहात तुम्ही!” मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटली.

तिसऱ्या दिवशी रंगीत तालीम ठरली. इशारा झाला की सगळ्या वाडीने घरं सोडून टेकाडावरच्या शाळेत जमायचं. शाळेवर विजेचा भोंगा होता आणि त्यावर आम्ही पूर्वी तालीम केलीही होती. बाईंनी विचारलं, वीज नसली तर? तो काळ भारनियमनाचा, वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त. धाकटीने झटकन सुचवलं की कुणीतरी किनाऱ्यावर उभं राहून लाल फडकं हलवायचं आणि मोठ्याने हाका मारायच्या, सगळ्या घरांतून दिसतं. “छान!” बाई म्हणाल्या. मग कामं वाटली गेली. धाकटीने बाईंबरोबर शाळेच्या सावलीत थांबून आलेल्या लोकांना बसवायचं. मी रखरखीत वाळूत फडकं घेऊन उभं राहायचं. आवाज माझा मोठा आहे ना!

तालमीच्या सकाळी वीज गेलीच. मी फडकं हलवलं आणि जीव तोडून हाका मारल्या. घराघरांतून माणसं बाहेर आली. बाया, बापये, पोरंटोरं, सगळी पळत सुटली, ती थेट माझ्याकडे, समुद्राकडे!

आमच्याकडे किनाऱ्यावरून रापण ओढतात. जाळं समुद्रात सोडून झालं की त्याच्या दोऱ्या ओढायला खूप हात लागतात. तेव्हा कुणीतरी फडकं हलवून वाडीला हाक घालतो, आणि जो येऊन दोरीला हात लावील त्याला मासळीत वाटा मिळतो. हे आमच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या भिनलेलं. सगळ्यांत पुढे शेजारीण होती, साडीचा ओचा खोचलेला, काखेत पाटी.

“खंय लागली गो रापण?”

“रापण नाय! वर जावा! वादळ इला, वादळ!” मी ओरडले.

“वादळ मगे बघूया. दोरी खंय आसा ती सांग!”

मागून सासरेसुद्धा काठी टेकत आले. मी त्याच किनाऱ्यावर जन्मले, पण लाल फडक्याचं असं होईल हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मात्र त्या क्षणी मला वाडीची काळजी वाटली नाही. वर रिकाम्या शाळेत ती बाईंबरोबर एकटीच उभी आहे, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मला हसू आवरेना. मी चक्क वाळूत बसून हसले आणि दोरी शोधणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

थोड्या वेळाने दोघी खाली आल्या. म्हटलं, आता कळेल बाईंना कोण किती पाण्यात आहे ते. पण मी बोलायच्या आत धाकटी म्हणाली, “चूक माझी आहे. मी घाटाच्या पायथ्याची, मला रापणीतलं काय कळतंय? फडकं मीच सुचवलं.” बाईंनी तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, अशी चूक कबूल करणारी माणसं फार कमी भेटतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बरं केलं तरी तिचं कौतुक, बिघडवलं तरी तिचंच! भोंगा नसेल तेव्हा देवळातला ढोल वाजवायचा, असं मग सासऱ्यांनी सुचवलं आणि तेच ठरलं.

शेवटच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात निवड होती. बाई म्हणाल्या, मी नाही निवडणार, तुम्हीच निवडा. प्रत्येकीने एक शिंपली घ्यायची आणि जिला पाठवायचं तिच्यासमोर ठेवायची. नावं दोनच होती. आम्ही दोघी जावा शेजारीशेजारी बसलो. मी माझी शिंपली माझ्यासमोर ठेवली. का नाही ठेवणार? निवडणुकीला उभे राहणारे काय दुसऱ्याला मत देतात?

बाकीच्यांची मला चिंता नव्हती. त्यांचे माच कुणी बांधले होते? पण पहिली आली ती माझी नजर चुकवून धाकटीसमोर वाकली. दुसरीही तशीच. तिच्यापुढे ढीग व्हायला लागला. शेजारीण तेवढी माझ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, “रागाव नको गो. तू गेलंस तर हंय आमचा कोण बघतलो? पाऊस इलो तर मासळी उचलूक हाक कोण मारतलो?” मागच्या दोघीतिघींनी माना हलवल्या. म्हणजे मी कामाची म्हणून घरी, आणि ती बिनकामाची म्हणून दौऱ्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

सगळ्यात शेवटी धाकटीची शिंपली राहिली होती. तिने वळून ती माझ्यासमोर ठेवली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, अर्थात तिच्यासाठी.

माझ्यापुढे दोनच शिंपल्या होत्या. एक माझी मीच ठेवलेली आणि एक तिची, सगळ्या वाडीला दिसतील अशा.

बायकांवरचा राग पावसाळ्याआधीच विरला. त्यांच्या माचांवरची मासळी उचलायला पुन्हा मीच हाका मारल्या. धाकटी पुढे बरीच वर्षं फिरली. देवगडला, वेंगुर्ल्याला तिला खुर्च्या मिळाल्या, तेही मी गिळलं. पण त्या दिवशी तिने ती शिंपली स्वतःपुढे ठेवायला हवी होती. मग निदान मला तिचा सुखाने हेवा तरी करता आला असता.