नॅपीचा काटा

आमच्या नवजात अतिदक्षता विभागात मोठ्यानं हसायला बंदी आहे. त्यामुळं किस्से साठत जातात आणि चहाच्या टेबलावर एकदम सुटतात. मी विश्रामबागेतल्या या हॉस्पिटलात वीस वर्षं सिस्टर आहे, पण गेल्या वर्षीचे बहुतेक किस्से एकाच पोरीनं पुरवले.

पोरगी कडेगावकडची. दिवस भरायच्या दोन महिने आधीच जन्मलेली, सव्वा किलोची. अंगात पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन तिच्यात तयारच होत नव्हतं. पोटात जाई त्याहून जास्त शू! म्हणून प्रत्येक नॅपीचं वजन करायचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिली, आणि त्यावरून औषध ठरवायचं. आजी काचेतून बघून म्हणाली, "आवं, सोनार बी एवढं बारीक मोजत न्हाई."

*

ते औषध थंड ठेवावं लागतं. पुण्याहून आणायला पोरीचे आजोबा गेले, रिटायर्ड हवालदार. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले ते साताऱ्याला चहालाही उतरले नाहीत. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, काय हाय त्यात?"

"उघडायची ऑर्डर न्हाई."

इथं पोचल्यावर डबा माझ्या हातात दिला आणि सही मागितली. मी मुकाट्यानं केली.

*

घरी नातवाची ओली नॅपी उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चाळीस."

सून म्हणाली, "काय चाळीस?"

"मिली."

त्या दिवसापासून तिनं भाजीचा काटा कपाटात लपवून ठेवलाय.

*

एका दिवशी मात्र कुणालाच हसू आलं नाही. सकाळपासून पोरीची शू अचानक वाढलेली. आमच्या डॉक्टर मॅडमनी जादा डोस सिरिंजमध्ये भरला. हा डोस जास्त झाला तर पाणी अंगात साठून बाळाला झटके येतात.

पोरीचे वडील शेजारी उभे. ते साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांचा काटा करतात; भरल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, हे त्यांचं रोजचं काम. हळूच म्हणाले, "सिस्टर, रिकामी गाडी कवा काटा केली?"

"कसली गाडी?"

"ही नॅपी. कालची पातळ हुती. आजची जाड दिसतीया."

सकाळी नव्या कंपनीचं पाकीट फोडलं होतं. वजा मात्र आम्ही जुन्याच नॅपीचं वजन करत होतो. मॅडमनी कोरी नॅपी काट्यावर ठेवली, आकडा बघितला आणि सिरिंज बाजूला ठेवून दिली.

"उद्यापासून माझ्याबरोबर राऊंडला या," त्या म्हणाल्या.

"यीन की," ते म्हणाले. "पण मॅडम, आदी तिला एकदा हातात घिऊ का?"

मॅडमनी त्यांना हात धुवायला पाठवलं.