इरल्याला भुंकणारा कुत्रा

साहेबांनी खुंटीवरची बंदूक काढली तेव्हा ब्रूनो माझ्या पायाशी बसून शेपटी हलवत होता. बंदूक निघाली म्हणजे आता फिरायला जायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"साहेब, आज नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांची मनाई आहे."

"व्हॉट मनाई?"

"चावलेलं कुत्रं लगेच मारायचं नसतं. बांधून ठेवून बघायचं. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर ते पिसाळलेलं नाही. आत्ता मारलं तर त्या बाईला कळणारच नाही, आपण जगणार की नाही."

साहेबांनी ब्रूनोकडे बघितलं. मग बंदूक परत खुंटीवर गेली. "टेन डेज, सोमा. फिर खतम."

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या दोनचार वर्षांतली. रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळावर, एका इंजिनियर साहेबांचा बंगला होता. मी तिथला डॉगबॉय. बॉय हे पदाचं नाव. माझ्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी मी बॉयच होतो. कुत्र्यांना शिकवण्याचं काम मी पुण्याच्या कँपात एका जुन्या साहेबाच्या हाताखाली शिकलो. सिट म्हणजे बस, स्टे म्हणजे हलू नकोस, हील म्हणजे माझ्या डाव्या पायाला धरून चाल. शब्द कुणीही शिकवतो. कुत्र्याचा आपल्यावर भरवसा बसवायचा, हे खरं काम, आणि त्याला घाई चालत नाही.

ब्रूनो अल्सेशियन, अंगाने वासराएवढा. दिवाळीच्या सुमाराला साहेबांनी त्याला देशावरून आणला होता. सहा महिन्यांत तो माझ्या तळहातावरची भाकरी दात न लावता उचलायला शिकला. आणि आषाढात, भाताची लावणी ऐन भरात असताना, त्याने पट्टा हिसडून भागीरथीला धरली.

भागीरथी खालच्या वाडीतली. नवरा मुंबईला गिरणीत, घरी ती आणि सासू. बंगल्याच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, लागून शेताकडे जाणारी पाऊलवाट होती. त्या वाटेवर ब्रूनोने तिच्या दंडाला दात लावले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखम औषधाने जाळली. पोटात घ्यायच्या सुया त्या वेळी आमच्याकडे मिळत नव्हत्या. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद. घाटाने जायचं तर हातातली लावणी टाकून कोण जाणार? डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर नजर ठेवा.

साहेब दुष्ट नव्हते. ब्रूनोवर त्यांचा जीव होता, म्हणून तर गोळी घालायचं काम ते दुसऱ्या कुणाला सांगायला तयार नव्हते. त्यांचा हिशेब सरळ होता, एकदा चावलेला कुत्रा पुन्हा चावणार. पाऊस सुरू झाल्यापासून ब्रूनो वाटेवरच्या बायकांवर भुंकत होता. गड्यांना काही करत नव्हता. "उसको औरत लोग पसंद नहीं," साहेब म्हणायचे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण मेमसाहेबांच्या तर तो पदराशी, म्हणजे झग्याशी, लोळायचा. हे कोडं मला काही सुटत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भागीरथी सकाळी शेतावर जाताना गडग्याशी थांबायला लागली. ब्रूनो साखळीला हिसडे देऊन भुंकायचा. ती लांबूनच विचारायची, "खाल्लान काय त्यानं?"

"खाल्लं."

"पानी प्याला?"

"प्याला."

"बरा झाला," म्हणायची आणि जायची. तिचा जीव त्या कुत्र्याच्या जिवाला बांधलेला होता आणि कुत्र्याचा दहा दिवसांच्या मुदतीला. मधे मी. रोज सकाळी ब्रूनोने पाण्याच्या भांड्यात जीभ घातली की मला तिच्यासाठी हायसं वाटायचं. लगेच आठवायचं, ह्याचा आणखी एक दिवस कमी झाला. जेवण गोड लागत नव्हतं.

मग एक सकाळ उघाडीची आली. ऊन पडलं होतं. भागीरथी येऊन गडग्याशी उभी राहिली आणि ब्रूनो गप्प. त्याने मान वर केली, तिच्याकडे बघितलं, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

भागीरथीचा चेहरा पांढराफटक पडला.

"वो दादा, आज ह्यो भुकत नाय. आजारी पडला काय? पिसाललेला कुत्रा आदी मुका होतो म्हनतात."

मी धावत जाऊन ब्रूनोचा जबडा उघडून बघितला. लाळ नाही, डोळे स्वच्छ, नाक ओलं. भाकरी दिली, ती गिळली. सगळं ठीक होतं. मग हा भुंकला का नाही? मी वळून भागीरथीकडे बघितलं आणि लक्षात आलं, आज तिच्या पाठीवर इरलं नाही. उघाडी बघून तिने ते काढून वाटेवर टेकवून ठेवलं होतं.

ज्यांनी इरलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं. डोक्यापासून खाली सगळी पाठ झाकते, त्यामुळे वाकून भात लावताना दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्याकडे पावसात बाया इरलं घेतात, गडी घोंगडी. इरलं घेतलेल्या बाईला लांबून ना डोकं दिसतं ना खांदे. सुपासारखं काहीतरी चालत येतं. देशावरच्या कुत्र्याने हे जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याचं वैर बाईशी नव्हतंच, आणि ते वैर नव्हतंच मुळी. तो घाबरत होता.

मी भागीरथीला म्हणालो, "जरा ते इरलं घेऊन दाखव."

तिने घेतलं. ब्रूनो साखळी तोडायला उठला. तिने काढलं. तो बसला. तिने पुन्हा घेतलं, पुन्हा काढलं. शेवटी तीच हसायला लागली. "येडाच हाय," म्हणाली. त्या दिवसांत तिला मी पहिल्यांदा हसताना बघितलं.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कारण मिला, अच्छा. लेकिन चावला तो चावला."

"मुदत संपेपर्यंत तो माझ्या ताब्यात आहे ना, साहेब?"

"ताब्यात है."

भागीरथीच्या सासूकडून मी एक जुनं इरलं मागून आणलं. ते घेऊन ब्रूनोसमोर गेलो, तर माझ्या हातची भाकरी खाणारा हा गडी माझ्यावरच दात काढून गुरगुरला. मी त्याला रागावलो नाही. घाबरलेल्या कुत्र्याला दटावलं तर त्याला वाटतं, आपण घाबरलो ते बरोबरच होतं. मी इरलं त्याच्यापासून लांब जमिनीवर उपडं ठेवलं आणि जेवणाचं भांडं त्याच्या बाजूला. त्या दिवशी तो उपाशी राहिला, दुसऱ्या दिवशी मान लांब करून अर्धं खाल्लं. मग मी भांडं हळूहळू इरल्याच्या खाली सरकवत नेलं. पुढे मी स्वतः इरलं घेऊन त्याच्याकडे पाठ करून बसायला लागलो. अंगावर चाल करून यायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, नुसतं बसायचं. पाऊस कोसळत होता. एकदा तो मागून आला, इरल्याची पानं हुंगली आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसला. आईशप्पथ सांगतो, तेवढा वेळ मी पाय आखडले तरी हललो नाही.

पण साहेब म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. मुदत संपली. ब्रूनो ठणठणीत होता, भागीरथीच्या जिवाचा घोर मिटला होता. साहेब म्हणाले, "सोमा, तुझा वास त्याला माहीत आहे. दुसरा कोई इरलं लेके चलके दिखाव."

दुसरं कोण चालणार? वाडीत मी कुणाला विचारणार होतो? मी भागीरथीच्या घरी गेलो. सासूने सरळ सांगितलं, "आमची सून काय भाकरी हाय, त्याच्या फुडं टाकायला?" तिचं बरोबर होतं. मी उठलो. तेवढ्यात आतून भागीरथी म्हणाली,

"थांबा वो दादा. मामी, वाट आपली तीच. ह्यो मेला तर सायेब दुसरा आनतील, त्यो परत इरल्याला नवा. ह्यो निदान वलकीचा झाला." मग जरा थांबून म्हणाली, "आनी रोज त्याचा तोंड बघून मी दिवस काढलेत."

सासू उठली. कोपऱ्यातलं नवं इरलं काढून तिने सुनेच्या हातात दिलं.

पाऊस संततधार होता. साहेब व्हरांड्यात, बंदूक मांडीवर. ब्रूनो लांब दोरावर, दोराचं टोक माझ्या हाताला गुंडाळलेलं. भागीरथी वाटेने आली. मी तिला एवढंच सांगितलं होतं, पळायचं नाही आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. ब्रूनो उभा राहिला. मानेवरचे केस उठले. माझा हात दोरावर घट्ट झाला, आणि मग मीच तो सैल सोडला, कारण दोर ताणला की कुत्र्याला आपली भीती कळते. तो पुढे गेला. इरलं हुंगलं. जिथे त्याने दात लावले होते तो दंड हुंगला. मग अंग झाडून सगळं पाणी भागीरथीवर उडवलं आणि पावसाला कंटाळल्यासारखा सरळ तिच्या इरल्याखाली शिरून बसला.

भागीरथी हलली नाही. थोड्या वेळाने इरल्याखालून तिचा हात बाहेर आला आणि त्याच्या डोक्यावर टेकला.

साहेबांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. उतरून खाली आले, भर पावसात तिच्यासमोर हॅट काढली आणि म्हणाले, "थँक यू, बाई." तिला शब्द कळले नसतील. ती मला म्हणाली, "ह्यास्नी सांगा, मला जाव दे. लावनी खोलंबलीय."

कुत्र्यांचं काम मी पुढे पुष्कळ वर्षं केलं, अजूनही करतो, लोकांनी नावही घेतलं. पण त्या सकाळी जी हिंमत लागली ती माझी नव्हती. मला पगार होता, हातात दोर होता, अंगात शिक्षण होतं. तिच्या दंडावर फक्त व्रण होता. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

नवा कुत्रा आला की मी त्याला वैशाखातच इरलं दाखवतो. सिट आणि हील मागाहून. आणि वाडीत जाऊन एखाद्या बाईला हात जोडून विचारतो, इरलं घेऊन घटकाभर येशील का म्हणून. अजून कुणी नाही म्हणालेली नाही.