जास्वंदाचा तक्ता

बी.एड.ला आमच्या तुकडीत शिक्षक व्हायला जवळपास कुणीच आलं नव्हतं. कुणी तलाठी होता होता राहिलेला, कुणाला पोलीस भरतीत उंचीनं दगा दिलेला, कुणाला स्थळं चांगली येतील म्हणून घरच्यांनी पाठवलेलं. तोंडी परीक्षेत मात्र सगळे एकजात सांगायचे, "पेशा पवित्र आहे, सर." मी जळगावात कॉलेजच्या गेटवर 'शिक्षक भरती करा' अशी पत्रकं वाटायचो. कुणाची भरती करा, हे त्यात लिहायचं राहूनच गेलं.

धरणगावकडच्या एका शाळेत आमचे सराव पाठ लागले. आधीच्या तुकडीनं तिथं जास्वंदाच्या फुलाचा झकास तक्ता ठेवून दिला होता, सोबत पाठ कसा घ्यायचा याचं तयार टाचण. मग काय! सातवीला जो तो फुलाचे भागच शिकवू लागला. पाठ उरकला की पठ्ठे स्टाफरूममध्ये रील बघायला मोकळे.

तुकडीत फैजपूरची एक मैत्रीण होती. यंदा पास झाली नाही तर शिक्षण बंद, असं सासरी ठरलेलं. तिनं तक्ता उघडला तशी पहिल्या बाकावरची पोरगी उठली.

"मॅडम, हाई फूल बठ्ठास्नी शिकाडं. पुढलं कव्हय? परीक्षा उनी ना!"

फूल सगळ्यांनीच शिकवलं, पुढचं कधी, या सवालावर दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं पुढच्या विजेच्या धड्यासाठी सेल, वायर आणि छोटा बल्ब आणला. बल्ब लागला, वर्ग बाकांवर चढला आणि नेमके तेव्हाच निरीक्षक प्राध्यापक दारात.

"फूल कुठाय?"

"सर, ते पोरांना पाठ झालंय."

"टाचणात वीज नाही. पाठ रद्द. उद्या परत घ्या, नाहीतर नापास."

स्टाफरूममध्ये आमचे भावी गुरुजी खिदळले, "अक्का, एवढं शिकवायचं होतं तर शाळाच काढायची ना!"

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तक्ता टांगला. सर मागे बसले. तिनं तोंड उघडायच्या आत सातवी गरजली, "जास्वंद!" पाकळ्या, पुंकेसर, जायांग, सगळं पोरांनीच क्रमानं सांगून टाकलं. गृहपाठसुद्धा.

"याला म्हणतात अध्यापन!" सर खूश. गुण भरघोस.

सर गेल्यावर तीच पोरगी कुजबुजली, "मॅडम, पास व्हयनात ना? मंग आते बल्ब लावा."

मैत्रिणीनं पिशवीत हात घातला. तोवर घंटा झाली. दारात आमचाच एकजण उभा होता.

"आटप ना. तक्ता दे, माझा पाठ आहे."