कोंडलेला नी

रामनगरच्या मारुतीला क्लॅरोनेटचं पोट कळायचं. बाप खानापुराकडून बँडात वाजवायला आला आणि इथंच राहिला. मारुतीनं फुंक बापाकडून घेतली, दुरुस्ती स्वतःच्या डोक्यानं शिकला. जोयडा तालुक्यात कुणाचा स्वर बसला, कोंडला, उतरला की वाद्य त्याच्या पडवीत यायचं. बावीस वर्षं बँडात तो पुढं उभा राहिला. मग गुंद गावच्या रानातनं झिलू आला.

झिलू कुणब्याचा, भाताची कापणी आटपून वाजवायला येणारा. ना तालीम, ना गुरू. पण त्यानं ओठ लावले की मांडवात वाढप्यांचे हात पातेल्यातच राहायचे. खुद्द मारुतीची बायको रुक्मिणी एकदा बोलून गेली, "त्यो झिलू वाजवतोय का रडवतोय, कळत न्हाई बाई." त्या दिवसापासून मारुतीला घरची आमटी अळणी लागायला लागली.

शुक्रवारी दिग्गीची जत्रा होती. पुढं कोण उभं राहणार, ते बँडचे मालक महाबळेश्वरशेठ बुधवारच्या तालमीत ठरवणार होते. आणि सोमवारी सकाळी झिलूच दारात!

"मास्तर, नीचा सूर कोंडलाय. उशीत तोंड घालून बोलल्यागत येतोय. उतरलाय बी."

मारुतीनं चावी उचलून बघितली आणि त्याला हसू फुटलं. चावीच्या गादीखालनं हवा गळते म्हणून गड्यानं तिला पोळ्याचं मेण लावलं होतं. उन्हानं ते वितळून भोकात उतरलं होतं आणि आत कड धरून बसलं होतं.

"वाद्य हाय का मधाचं पोळं, रं?"

"आमच्यात गळक्या घागरीला ह्येच लावत्यात," झिलू ओशाळून म्हणाला. "दिवाळीपासनं हाय तसंच."

मारुतीचं हसू विरलं. म्हणजे अख्खी लग्नसराई हा असल्या नीवर वाजवत होता? ओठांनी दाबून, चढवून? आणि तरी माणसं रडत होती?

त्यानं गादी बदलली, वरवरचं मेण खरवडलं. भोकातली कड मात्र तशीच ठेवली.

दुरुस्ती जवळनं कळत नाही, लांबनं कळते, असं मारुती म्हणायचा. म्हणून तो गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडं फणसाखाली उभं करायचा आणि स्वतः वाजवून दाखवायचा. झिलूलाही त्यानं तिथं धाडलं. नी आला तसे ओठ आवळले, छातीतनं जोर लावला आणि स्वर उचलून धरला.

झिलू पळतच आला. "नीट झाला की, मास्तर! द्येवमाणूस तुमी."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. रुक्मिणी पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली.

"अवो, त्यो नी अजून बसलेलाच हाय. तुमी ओठानं उचललासा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बावीस वर्सं ऐकतीया. दुसरं काय हाय ह्या घरात ऐकायला?"

झिलूनं वाद्य मारुतीच्या हातातनं घेतलं. "ऱ्हाऊ दे की, अक्का. मी घेतो चालवून."

चालवून घेतो! मारुतीला हेच झोंबलं. हा खरंच चालवून घेईल, असल्या नीवरही पुढं उभा राहील, आणि लोक म्हणतील, मारुतीच्या हातनं आलेलं वाद्य कोंडलेलं. एकाच गड्यापायी दोन्हीकडनं मान जायचा.

त्यानं क्लॅरोनेट हिसकावून घेतलं. सागाच्या काडीला फडकं गुंडाळून भोकातलं सगळं मेण काढलं.

बुधवारी महाबळेश्वरशेठनी झिलूलाच पुढं केलं.

शुक्रवारी दिग्गीत पालखी उठली. झिलूचा नी असा मोकळा सुटला की पालखीचे भोई जागच्या जागी डोलायला लागले. मागच्या ओळीतनं मारुतीला राहवलं नाही. शेजारच्या ढोलवाल्या नागूच्या कानाला लागून तो म्हणाला, "ऐकलास न्हवं नी? म्या केलाय त्यो!"

"गप ऱ्हावा की, मास्तर," नागू म्हणाला. "झिलू वाजवतोय."