मिनिटाला एकशे चाळीस शब्द

माझी मावशी सव्वीस वर्षं एका छापखान्यात मोठ्यानं वाचायची. तीच तिची नोकरी. मुद्रितशोधक छापलेला कागद पुढ्यात घेऊन बसायचे आणि मावशी मूळ लिखाणातून वाचत जायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. बरीच कामं इंग्रजी असायची. सुरुवातीला अर्ध्या शब्दांचा अर्थ तिला लागत नसे. मुद्रितशोधक भला माणूस, जेवणाच्या सुट्टीत तिला एकेक शब्द समजावून सांगायचे. पुढं छापखाना बंद पडला. मावशीचं इंग्रजी वाचन तोवर असं सुरेख झालं होतं की ऐकत राहावं. पण घरी बसलेल्या बाईनं ते ऐकवायचं कुणाला?

मी तेव्हा शिकायला तिच्याकडेच राहायचे. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्या एका दुपारी नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. या मुलीला वर्गात सगळे मुंगी म्हणायचे. ती इंग्रजी वाचायला उभी राहिली की तास संपायचा, धडा संपायचा नाही.

"मावशी, आपली भाषा कशी घडाघडा वाचते बघा," बाई म्हणाल्या, "आणि इंग्रजी आलं की गाडं अडलंच. जरा बघाल का हिच्याकडं?"

मावशीनं पहिल्या दिवशी एक मिनिट मोजलं. चुका वजा जाता एकतीस शब्द. मुंगीनं खाली मान घातली. मावशी म्हणाली, "एकतीस तर एकतीस. हे तुझे स्वतःचे आहेत."

मग रोज शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरात दोघी बसायच्या. आधी मावशी एक उतारा वाचायची आणि मुंगी ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवत ऐकायची. नंतर दोघी एका सुरात वाचायच्या. मग मुंगी एकटी, तीनदा. दर तीन दिवसांनी उतारा बदलायचा. पुन्हापुन्हा येणारे बारीकसारीक शब्द मावशीनं चिठ्ठ्यांवर लिहिले होते, ते नजर पडताच ओळखायचे, अक्षरं जुळवत बसायचं नाही. शेवटी पुस्तक मिटून गोष्टीत काय घडलं ते मुंगीनं सांगायचं. सांगता आलं नाही तर त्या दिवशीचा आकडा वहीत चढत नसे. चार महिन्यांत मुंगी चौऱ्याहत्तरवर आली. त्या दिवशी ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली.

हळूहळू आणखी सात मुलं यायला लागली. त्यांच्या मागोमाग सर आले. कोपऱ्यावर औषधांच्या दुकानाच्या वर त्यांचे क्लास चालत. खुर्ची ओढून ते तासभर बसले, वह्या चाळल्या आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं माणूस स्वयंपाकघरात काय करतंय?"

मावशीला जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. आठवड्याभरात ती आठही मुलांसकट सरांच्या क्लासात गेली. तिथं तिला स्वतःचं टेबल मिळालं, दारावर पाटी लागली आणि गळ्यात अडकवायला सेकंद दाखवणारं घड्याळ मिळालं. खाली रस्त्यावर फलक होता : तीन महिन्यांत मिनिटाला एकशे चाळीस शब्द.

"एकशे चाळीस सगळ्यांना कसे जमतील, सर?" मावशीनं विचारलं.

"पालकांना आकडा लागतो, मॅडम. आपण आकडा द्यायचा."

पालकांपुढं कार्यक्रम ठरला. सरांनी प्रत्येक मुलाला एकेक उतारा पंधरा दिवस आधी घरी दिला. मावशी म्हणाली, "हे तर पाठांतर झालं." सर हसले. "सराव म्हणा की! तेवढाच धीर येतो पोरांना."

घरी येऊन तिनं हे मला सांगितलं. मी म्हटलं, "मग घेऊ नकोस तू हे काम." तिनं गळ्यातलं घड्याळ काढून खुंटीला अडकवलं. मग म्हणाली, "एवढा एक कार्यक्रम होऊ दे." मीही पुढं बोलले नाही. तिची ती पाटी मलाही आवडायला लागली होती.

कार्यक्रमाला एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका पाहुण्या म्हणून आल्या. मुंगी शेवटी उठली. हातात कागद, पण नजर समोरच्या भिंतीवर. एका मिनिटात एकशे बेचाळीस! टाळ्या थांबेनात. तिची आई पहिल्या रांगेत डोळ्यांना पदर लावून बसली होती.

मुख्याध्यापिकांनी बक्षीस म्हणून एक गोष्टीचं पुस्तक आणलं होतं. त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "बाळ, याचं पहिलं पान वाचून दाखव ना मला."

मुंगीनं पुस्तक उघडलं. ते पान काही तिला अवघड नव्हतं, सावकाश वाचलं असतं तर सहज जमलं असतं. पण आत्ताच एकशे बेचाळीस वाचलेल्या मुलीनं सावकाश वाचायचं कसं? तिचे ओठ हलले, आवाज फुटेना. मागं कुणीतरी हसलं. मुंगीनं मावशीकडं पाहिलं.

सर पटकन पुढं झाले. "आमच्या मॅडमनी जरा जास्तच घोटून घेतलेलं दिसतंय," ते हसत हसत म्हणाले.

सगळ्या माना मावशीकडं वळल्या. उतारे कुणी वाटले, ते ती तिथंच सांगू शकली असती. मुंगीला खरोखर किती येतं तेही सांगू शकली असती. मावशी म्हणाली, "घाबरली असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली. मीही सोबत होते. बाईंनी मशीन थांबवलं नाही, वर पाहिलंही नाही. मुंगी पलंगावर बसली होती. तिनंच विचारलं, "मावशी, मला चौऱ्याहत्तर येत होते ना?"

"हो गं."

"मग तेच का नाही सांगितलंत?"

 बाई मशीन चालवता चालवताच म्हणाल्या, "लोकांपुढं शोभा झाली पोरीची. आता पुरे झालं, मावशी."

मावशीनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. सरांनी तो घेतला आणि म्हणाले, "बरं झालं, मीच बोलणार होतो." तिच्या वह्यांवरून त्यांनी एक पुस्तिका छापून घेतली होती, तिच्यात पट्टी होती, चिठ्ठ्या होत्या, तीनदा वाचणंही होतं. गोष्ट विचारायचा भाग तेवढा गाळला होता. बाकीची सातही मुलं तिथंच राहिली. स्वयंपाकघरात पुन्हा कुणी आलं नाही.

मुंगीनं त्यानंतर कुणासमोर इंग्रजी वाचलं नाही. वर्गात घसा दुखतो म्हणायची. काठावर पास होत होत शाळा संपली आणि ती आईच्या शेजारी काजं करायला बसली. हात तिचा छान आहे म्हणतात.

गेल्या महिन्यात मी मावशीला भेटायला गेले होते. जिन्यात मुंगी दिसली, हातात आईच्या डोळ्यांच्या तपासणीचा कागद. सगळा इंग्रजी. मावशी दारातच उभी होती.

"आण इकडं, मी वाचून देते," ती म्हणाली.

"नको, मावशी," मुंगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "कोपऱ्यावरचे औषधवाले वाचून देतात."

ती खाली उतरून गेली. मावशी दारातून हलली नाही. मी चहा टाकला, दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं ती आत आली.