हत्तीचा डावा कान

कोयनेलीच्या झुडपाचा हत्ती कापणाऱ्याला हत्ती कधी दिसतच नाही. शिडीवर चढलं की नाकासमोर नुसती पानं, काड्या आणि तो कडवट वास. कान कुठं संपला अन् डोकं कुठं सुरू झालं, काही कळत नाही. म्हणून बंगळूरच्या मोठ्या बागेत रीतच होती, एकानं शिडीवर चढायचं आणि एकानं लांब जाऊन उभं राहायचं. लांबचा ओरडणार, वरचा कैची चालवणार.

मादय्यासाठी लांब उभी राहायची ती तायम्मा.

ती खरं तर गवत खुरपणाऱ्या बायकांतली. एकदा मादय्याचा जोडीदार तापानं पडला आणि मादय्या आपल्याच अंदाजानं कैची चालवत बसला. मागनं आवाज आला, "वो, हत्ती करताय का गाढव?"

त्यानं वरून मान वळवली. तळ्याच्या कडेला एक बाई कमरेवर हात ठेवून उभी. पदर खोचलेला, हातात खुरपं.

"हत्तीच हाय," तो म्हणाला.

"मग कान पाडा की. असं ताठ कान गाढवाचं असत्यात."

तिथून पुढं ते काम तिचंच झालं. जोडीदार बरा होऊन आला, त्याला गुलाबाच्या वाफ्यावर जावं लागलं. सकाळची कॉफी झाली की तायम्मा तळ्याच्या कडेला जाऊन उभी राहायची आणि तिथनं तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "डावीकडं दोन बोटं." "पोट सुटलंय त्याचं, रोज नाचणीचे मुद्दे खातोय काय?" "सोंड वळवा वो, शिंकायला लागल्यागत दिसतोय." खुरपणाऱ्या बायका हसून लोळायच्या. मादय्या वरनं कैची चालवायचा आणि पानांच्या आड तोंड घालून हसायचा.

तिचा नवरा ती कामाला लागायच्या आधीच गेला होता. पुढं मादय्याची बायकोही वारली. दिवसकार्य झाल्यावर तो कामावर आला, त्या दिवशी तायम्मा एक शब्द ओरडली नाही. नुसती उभी राहिली. संध्याकाळी हत्तीची एक कूस खचल्यागत दिसायला लागली होती. मादय्या खाली उतरला, लांब जाऊन बघितलं, कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "असू द्या. वाळलाय जरा. भरंल." आणि खुरपं उचलून गेली.

एवढंच. एवढ्या वर्षांत दोघं बोलली ती हत्तीबद्दल. तीही एक शिडीवर आणि एक तळ्याकाठी. एका बाकावर बसून कधी एका कपातली अर्धी-अर्धी कॉफीसुद्धा प्यायली नाहीत.

मग तिच्या लेकानं शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं आणि आईचं काम सोडवलं. शेवटच्या दिवशी बायकांनी तिला हळदकुंकू लावलं, मैसूरपाक वाटला. मादय्या सोंडेवर होता. आज उतरल्यावर पत्ता विचारायचा, असं त्यानं रात्रभर मनात घोळवलं होतं. खालून तिचा आवाज आला, "मादय्या, येऊ का मग?"

"एवढी सोंड झाली की आलोच," तो म्हणाला.

अर्धं कापून उतरायचं नाही, हा त्याच्या हाताचा नेम. अर्धी बाजू राहिली की दुसऱ्या दिवशी जुळत नाही. त्यानं सोंड पुरी केली, चांगली गोल वळवली. खाली उतरला तेव्हा तळ्याकाठी फक्त खुरपलेल्या गवताचा ढीग होता.

बायकांची मुकादम सिद्धम्मा. तिला त्यानं आडूनआडून विचारलं. "केंगेरीकडं गेलीय म्हणं," ती म्हणाली. दुसरी म्हणाली, "न्हाई गं, यलहंका." सिद्धम्मानं डोळे बारीक केले. "पत्ता कशाला वो? हत्तीला आठवण आली व्हय?" त्यानंतर मादय्यानं कुणाला विचारलं नाही.

पुढं लांब उभं राहायला कुणी ना कुणी मिळत गेलं. पण सगळे एकजात "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणायचे. हत्ती एका अंगानं सुजत गेला. मादय्या कामावरून मोकळा झाला त्या दिवशी त्यानं हत्तीकडं वळूनही बघितलं नाही.

त्याच्या डोक्यात तिचं एकच वाक्य राहिलं होतं. कधीतरी ती म्हणाली होती, "गवताला पाय लागल्याबिगर मला कॉफी ग्वाड लागत न्हाई. पोरगा कुठंबी नेऊ दे, आधी बाग हुडकीन." म्हणून मादय्या रविवार-रविवार बागा हुडकायला लागला.

सून शोभा विचारायची, "मामा, जन्म बागेत गेला, आता सुट्टीतपण बागच?"

"दुसऱ्यांची कापणी कशी असती ते बघून येतो."

"बरं, बरं. कापणी बघायला इस्त्रीचा शर्ट लागतो वाटतं."

तो कब्बन पार्कातल्या बांबूंच्या बेटाखाली बसला. मल्लेश्वरमच्या एका बागेत सिमेंटची हरणं होती, पोरांनी बसून-बसून त्यांच्या पाठी गुळगुळीत केलेल्या. एका बागेत वाळलेल्या निलगिरीच्या खोडावर कुणीतरी माणसांचे चेहरे कोरले होते. एकेका चेहऱ्यापुढं तो थांबला. उड्डाणपुलाच्या खांबावर एक भलीथोरली बाई रंगवली होती, कमरेवर हात ठेवलेली. ती बघून तो समोर आलेली बस सोडून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. रिक्षावाला ओरडला, "अण्णा, चित्रात जायचंय का घरी?" जवळून बघितलं तर तिच्या हातात विळा होता, खुरपं नव्हतं. आकाशमोगरी फुलली, झडली. जांभळा जॅकरांडा रस्त्यावर सांडला. संध्याकाळी गवतावर अनवाणी फिरणाऱ्या म्हाताऱ्या सगळीकडं होत्या. तायम्मा कुठंच नव्हती.

एका रविवारी नागरभावीकडं जाणाऱ्या बसच्या खिडकीतनं त्याला गुलाबी बहरलेली झाडं दिसली. तो तिथंच उतरला. घरांच्या मधे तिकोनी बाग होती, एवढीशी. दोन झोपाळे, कचऱ्यासाठी सिमेंटचा आ वासलेला पेंग्विन. आणि मधोमध कोयनेलीचा हत्ती.

पाय ओबडधोबड, शेपटीचा खराटा झालेला. हात कच्चा होता कापणाऱ्याचा. पण पोट आवरलेलं. सोंड आत वळलेली. उजवा कान पाडलेला, अगदी जसा पाडायला हवा तसा. डावा तेवढा झिपऱ्यांसारखा वाढला होता.

पहारेकरी मुनियप्पा दारात विडी ओढत होता. "हत्ती कुणी कापला हो?" मादय्यानं विचारलं.

"हात माळ्याचा. पण कापला एका अज्जीनं. तोंडानं." मुनियप्पा हसला. "समोरच्या इमारतीत लेकाकडं असती. रोज येणार, तिथं फाटकाशी उभी राहणार अन् त्या गरिबाला हैराण करणार. माळी म्हणाला, घरात बायको, हितं ही, मी जातो आपला गावाला. गेला पण! डावा कान ऱ्हायला तो ऱ्हायला. म्हातारी आता मला शिव्या देतीय."

"कधी येती?"

"येईल की आता. ऊन उतरलंय."

मादय्या बाकावर बसला, उठला, परत बसला. हुडकताना बरं होतं. समोर आली तर तिला काय म्हणायचं, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. समोरासमोर तिच्याशी तो कधी बोललाच कुठं होता?

"शिडी हाय का?" तो मुनियप्पाला म्हणाला. "अन् कैची. मोठ्या बागेत माझा जन्म गेलाय."

वर चढला तसा तोच कडवट वास नाकात भरला. कैची बोथट होती, पण हाताला लागलीच जमली. फाटकाकडं पाठ करून तो कापत राहिला. मागं चपलांचा आवाज आला. आला आणि थांबला.

"माळी आला व्हय रं मुनियप्पा?"

आवाज जरा खरखरीत झाला होता. मादय्यानं हात थांबवला नाही. उजव्याला जुळवत त्यानं कानाची कड पाडली.

"दोन बोटं खाली घ्या," ती म्हणाली. मग हळूच, "मादय्या, किती वाळलासा वो."

कैची त्याच्या हातात उघडीच राहिली. तो शिडीची पायरी चाचपत खाली उतरायला लागला.

"अवो, अर्धा कान ऱ्हायला की!" ती ओरडली.

"ऱ्हाऊ दे," मादय्या म्हणाला, आणि शर्टाला चिकटलेली पानं न झटकताच फाटकाकडं चालू लागला.