चेनवाल्या मावशींची पाठ

बॅगेची चेन बिघडली की लोक चेनवाल्या मावशींकडे जात. खरं तर त्या नुसत्या चेनच नव्हे, पट्टे, अस्तर, बक्कल, चाकं, सगळंच दुरुस्त करत. पण नाव पडलं ते पडलं. घड्याळाचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या फटीत त्यांचं दुकान होतं. फट म्हणजे अगदी फटच. एक शिलाई मशीन, एक स्टूल, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या बॅगा आणि उरलेल्या जागेत मावशी. गिऱ्हाइकानं बाहेर फुटपाथवरच उभं राहायचं.

बॅग रिकामी करून आणावी, असा मावशींचा नियम होता. तो कोणी पाळत नसे. मग तळाशी सापडायचं ते सापडायचं: बिस्किटांचा चुरा, एकटा मोजा, वाळलेली पेनं, गेल्या वर्षीचं औषध. मावशी ते सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॅगेबरोबर निमूटपणे परत देत. पण माणसाबद्दलचं मत तेवढ्यात तयार झालेलं असे. ज्याच्या बॅगेचा तळ स्वच्छ, त्याच्याशी सोयरीक करायला हरकत नाही, असं त्या म्हणायच्या.

माणसांना त्या सांभाळून घेत. बॅगा बनवणाऱ्यांना मात्र मुळीच नाही. पट्टा मुळातून उसवून आला की आधी तो कारागीर फैलावर घेतला जाई. "हा टाका घालताना झोपला होता का मेला?" असं म्हणत त्या बॅग उलटी करत, जुना दोरा उपटून काढत आणि अशी टीप मारत की पुन्हा तिथून उसवायची बॅगेची हिंमत होऊ नये.

आणि अशा या मावशींनी स्वतःच्या पाठीवर जन्मात कधी बॅग अडकवली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डबा आणि छत्री एका कापडी पिशवीत टाकून त्या एकोणतीस वर्षं घरून दुकानात आणि दुकानातून घरी येत-जात होत्या.

घरी दोघीच, मावशी आणि लेक. मावशींचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक दाताच्या दवाखान्यात कामाला होती. सोमवार ते शनिवार रात्री आठला यायची, जेवायची आणि आडवी व्हायची. उरला रविवार, तर तो डोंगराचा. सात-आठ जणांचा तिचा गट होता. सकाळी सहाला निघायचे, एखादा डोंगर चढून उतरून संध्याकाळी परत यायचे. दर शनिवारी ती न चुकता विचारायची, "आई, येतेस उद्या?" आणि मावशी न चुकता म्हणायच्या, "दुरून डोंगर साजरे. तू जा." सहा वर्षं हे चाललं होतं.

मग लेकीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. तीन महिन्यांनी जायचं होतं. मावशींनी आनंदानं अख्ख्या फुटपाथला पेढे नाही तरी बातमी वाटली. आणि मग मशीनवर बसल्या बसल्या त्यांनी बोटांवर मोजलं. तीन महिने म्हणजे बारा रविवार. त्या बारा रविवारीही लेक डोंगरावरच असणार.

"तू घरी थांब, मला तुझ्याजवळ बसायचंय," असं सरळ सांगितलं असतं तर लेक थांबली असती. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची मावशींची जुनी खोड. त्या म्हणाल्या, "येत्या रविवारी मीही येते म्हणते. बसून बसून गुडघे गंजलेत माझे."

लेकीच्या हातातला घास हातातच राहिला. मग ती एवढी हसली की मावशींना उगीचच अपराधी वाटलं. "पण आमचे लोक भराभर चालतात हं," ती म्हणाली. "पहिल्यांदा सोप्या डोंगरावर जाऊ. जमलं तर पुढच्या रविवारपासून कायम ये."

ते 'जमलं तर' मावशींच्या मनात रुतून बसलं. जमलं नाही तर बारातला एक रविवार गेला आणि उरलेले अकराही गेले.

दुसऱ्या दिवशी त्या डोंगराच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकान चालवणारे काका पांढऱ्या दाढीचे आणि अर्ध्या चड्डीतले. मावशींनी भिंतीवरची पहिली बॅग खाली घेतली आणि सवयीनं उलटी केली. मग दुसरी. मग तिसरी. अर्ध्या तासात नऊ बॅगा पोटं बाहेर काढून ओळीनं पडल्या होत्या आणि मावशी एकेकीचं निदान सांगत होत्या. "हिचा रनर हलका आहे, चेन दात सोडणार. हिच्या अस्तराला शिवणीत मायाच ठेवलेली नाही, कापड अगदी काठावर शिवलंय. ही तर चार महिन्यांत माझ्याकडे येणार, लिहून घ्या."

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, बॅग डोळ्यांनी नाही, पाठीनं निवडतात," ते म्हणाले. "दिवसभराच्या चालीला वीस-बावीस लिटरची पुष्कळ झाली. तुमच्या पाठीच्या लांबीची हवी, कमरेला पट्टा हवा. मी आत चार किलो वाळू घालून देतो. पाठीवर घ्या आणि तो जिना दोनदा चढून-उतरून या."

"वाळू कशाला? मला काय बांधकाम करायचंय?"

काकांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मावशींची नजर कोपऱ्यातल्या जाड कॅनव्हासच्या बॅगेवर खिळली होती. दुहेरी शिवण. पट्ट्याच्या मुळाशी चौकोन आणि त्यात फुली मारलेली टीप, एक टाका इकडचा तिकडे नाही. पितळी चेन. एकोणतीस वर्षांत असं काम त्यांनी दोनदा पाहिलं असेल नसेल. बॅग पंचेचाळीस लिटरची होती आणि रिकामीच दोन किलोंच्या वर भरत होती. "ही नातवंडांपर्यंत टिकेल," मावशी म्हणाल्या आणि घेऊन आल्या.

शनिवारी बॅग भरताना त्यांनी दुसरी चूक केली, आणि ती फक्त बॅग दुरुस्त करणारं माणूसच करू शकतं. डबा आणि पाणी घातल्यावर बॅग मधोमध दुमडून पडली. अर्धी रिकामी ठेवली की बॅगेचा आकार बिघडतो, हे मावशी गिऱ्हाइकांना रोज सांगत. मग त्यांनी चादर घातली, रेनकोट घातला, पाण्याची आणखी एक बाटली, सहा सफरचंदं, शिवाय सुई-दोरा, कात्री आणि पक्कड. बॅग देखणी दिसू लागली. लेकीनं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं.

रविवारी पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग वाट चढू लागली आणि बॅग मावशींना मागे ओढू लागली. पट्टे खांद्यात रुतले. तळ दर पावलाला कमरेखाली धपाधप आपटत होता. त्या थांबल्या की सगळे थांबत, त्या निघाल्या की सगळे निघत. लेक दोनदा म्हणाली, "आई, दे इकडे," आणि मावशी दोनदा म्हणाल्या, "माझं ओझं मला झेपतंय." तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा गटातल्या एका बाईंनी हळूच घड्याळ पाहिलं. वाईट मनानं नव्हे, पण पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," मावशी म्हणाल्या. "मी इथे बसते."

"मी पण बसते," लेक म्हणाली.

"तू बसलीस तर मी आत्ता उठून घरी जाईन."

मावशी हट्टाला पेटल्या की मशीनसुद्धा त्यांच्यापुढे गप्प बसायचं. लेक तासाभरात येते म्हणून गेली, पण तीनदा मागे वळून बघत गेली. वाटेकडेच्या सपाट दगडावर मावशी आपल्या देखण्या बॅगेशेजारी बसल्या आणि त्यांना रडू आलं. एक रविवार गेला. एवढी टीप बघून घेतली, आणि पाठीचं काय ते बघितलंच नाही.

थोड्या वेळानं दुसरे लोक वर जाऊ लागले. मावशींचे डोळे पुसलेले होते आणि समोरून एका पाठीमागून एक पाठ चालली होती. एकोणतीस वर्षं बॅगा त्यांच्यासमोर मशीनवर निजून आल्या होत्या, आजाऱ्यासारख्या. चालत्या माणसाच्या पाठीवर बॅग काय करते, हे त्या आज पहिल्यांदाच बघत होत्या. एका माणसानं पाणी पिऊन बॅग उचलली ती एकाच पट्ट्याला धरून, झोका देऊन. तेव्हा कुठे त्यांना कळलं, नेहमी एकाच बाजूचा पट्टा मुळातून का उसवतो. आजवर किती कारागिरांना त्यांनी नाहक शिव्या घातल्या होत्या! एक म्हाताऱ्या बाई छोटीशी बॅग पाठीला चिकटवून, कमरेचा पट्टा आवळून अशा चालल्या होत्या, जणू बॅग त्यांच्याबरोबरच वाढली असावी. मावशी त्यांच्याकडे वळणापर्यंत बघत राहिल्या.

मग वरच्या उघड्या धारेवर त्यांना लेक दिसली. बोटाएवढी, लाल टोपीची. दोन्ही हात पट्ट्यांवर, पाऊल एकसारखं, ना घाई ना थांबणं. शाळेत जाताना दर कोपऱ्यावर फतकल मारून बसणारी मुलगी ही. तिची ही चाल मावशींनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी एक सफरचंद काढून खाल्लं. वारा होता, गवत एका अंगानं झुकत होतं, मशीनचा आवाज कुठेच नव्हता. त्यांना बरं वाटत होतं. हरलेल्या दिवशी इतकं बरं वाटतंय, याचा त्यांना थोडा रागही आला.

बसमध्ये लेकीनं दोघींची तिकिटं काढली. पुढच्या रविवारचं नाव तिनं काढलं नाही आणि मावशींनीही काढलं नाही. सोमवारही तसाच गेला, मंगळवारही. मावशी मशीन इतकं जोरात चालवत होत्या की घड्याळवाल्यानं डोकावून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

बुधवारी दुपारी गिऱ्हाइकं संपेनात. मान खाली घालूनच मावशींनी विचारलं, "काय बिघडलंय?"

"बॅगच चुकीची घेतलीय," लेक म्हणाली. ती दवाखान्याच्या कपड्यांतच, हातात ती कॅनव्हासची बॅग घेऊन ओळीत उभी होती. "अर्धी सुट्टी टाकलीय. ऊठ."

काका त्यांना बघून एक अक्षर बोलले नाहीत, आणि मावशींना ते फार आवडलं. त्यांनी कॅनव्हासची बॅग परत घेतली, भिंतीवरून चार लहान बॅगा काढल्या आणि वाळूच्या पिशव्या आणल्या. पहिली बॅग मानेला लागली. दुसरी कमरेवर डुगडुगली. तिसरी ठीक होती, पण जिना चढताना काखेत घासली. चौथी घातल्यावर लेकीनं खाली बसून कमरेचा पट्टा ओढला, मग खांद्याचे, मग छातीवरचं बक्कल लावलं. मावशी लहान मुलासारख्या हात वर करून उभ्या होत्या.

"हिची शिवण म्हणजे निव्वळ रद्दी आहे," त्या म्हणाल्या. "खिशाची टीप सहा महिन्यांत सुटणार."

"आणि पाठीला कशी आहे?" काकांनी विचारलं.

मावशींनी खांदे हलवून पाहिले. मग नाइलाजानं म्हणाल्या, "टाके माझ्या हातातले आहेत हो. पाठ थोडीच आहे?"

दुसऱ्यांदा जिना चढताना लेक बरोबर आली. वरच्या चौकटीपाशी बुटांची खोकी रचून ठेवली होती आणि एक खिडकी होती. तिथे ती थांबली. "आई, एक सांग. तुला तिथे आवडलं नाही ना? मला बरं वाटावं म्हणून ओढूनताणून येऊ नकोस. मी काही मनाला लावून घेणार नाही."

आता लपवायला भांडंच उरलं नव्हतं. "मला डोंगर नकोच होता गं," मावशी म्हणाल्या. "तू हवी होतीस. बाराच तर रविवार राहिले होते. त्यातला एक मी दगडावर बसून घालवला."

लेकीनं मावशींच्या खांद्यावरचा पट्टा उगीचच सारखा केला. मग म्हणाली, "आणि मी सहा वर्षं दर शनिवारी विचारत होते, ते काय तुला डोंगर दाखवायला?"

सहा वर्षांचे शनिवार एकापाठोपाठ एक मावशींच्या डोळ्यांसमोर आले, आणि प्रत्येकाला त्या तेच ठरलेलं उत्तर देत होत्या.

"मग मी घरीच थांबते," लेक डोळे पुसत म्हणाली. "अकराच्या अकरा रविवार. तू म्हणशील तसं."

"घरी कशाला?" मावशी म्हणाल्या. "मला आता तो डोंगरही हवाय. तू त्या धारेवरून गेलीस ना, तिथे मला जायचंय. गट गेला पुढे तर जाऊ दे. आपण दोघी हळूहळू जाऊ, पोचू तेव्हा पोचू."

लेकीनं त्यांचा हात धरला, आणि त्या दोघी बुटांच्या खोक्यांमध्ये, गिऱ्हाइकांच्या वाटेत, बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. रविवारी किती वाजता निघायचं, डब्यात काय न्यायचं, कुठल्या वळणावर पहिल्यांदा बसायचं, सगळं ठरलं. मावशींनी चादर रद्द केली. पक्कडही रद्द केली. सुई-दोरा मात्र येणार म्हणाल्या.

खालून काकांचा आवाज आला, "मावशी, बॅग कुठे टोचतेय का?"

मावशींनी गोंधळून आधी खोक्यांकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग लेकीच्या हातांकडे.

"बॅग?" त्या म्हणाल्या. "अगं, कुठे ठेवली मी बॅग?"